गोळ्या कोणी झाडल्या?

13 एप्रिल 1919 च्या संध्याकाळी अमृतसरच्या जालियनवाला बागेत काय झालं, हे ब्रिटनमधल्या वाचकांना पहिल्यांदा कळलं ते एका त्रोटक सरकारी निवेदनातून. जमावाने सभाबंदीचा हुकूम मोडला, त्यानंतर गोळीबार झाला आणि 200 जण हताहत झाले, एवढाच त्याचा आशय होता. या मजकुरात हुकूम मोडणारा जमाव वाक्याचा कर्ता आहे. गोळीबाराला मात्र कर्ता नाही. हुकूम मोडल्यावर तो जणू आपोआप होतो.

त्याच वर्षी 25 ऑगस्टला जनरल डायरने आपल्या वरिष्ठांना लेखी अहवाल दिला. त्यात तो लिहितो की मी गोळीबार केला, आणि जमाव पांगेपर्यंत करत राहिलो. इंग्रजीत हे वाक्य ‘आय फायर्ड’ असं सुरू होतं. ‘फायर’ हे साधं, शाळकरी मुलालाही कळणारं क्रियापद, आणि त्याच्या आधी ‘मी’. पुढे तो असंही म्हणतो की हाताशी जास्त सैनिक असते तर बळीही त्याच प्रमाणात जास्त गेले असते, कारण प्रश्न नुसता जमाव पांगवण्याचा उरला नव्हता, पंजाबभर दहशत बसवण्याचा होता.

मला या दोन मजकुरांमधलं अंतर अस्वस्थ करतं. ज्याच्या हुकमावरून सुमारे 1,650 गोळ्या सुटल्या, त्याने आपल्या क्रियापदाला कर्ता दिला. लोकांना बातमी सांगणं हे ज्यांचं काम होतं, त्यांनी दिला नाही. डायरला पश्चात्ताप झाला होता म्हणून तो स्पष्ट बोलला असं मुळीच नाही. त्याला आपल्या कृत्याचा अभिमान होता. पण त्याच्या त्या उद्दाम स्पष्टपणामुळेच, सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे त्याला नेमके प्रश्न विचारता आले. गोळीबार न करता जमाव पांगवता आला असता का? बहुधा आला असता, असं त्याने मान्य केलं. पण मग लोक परत आले असते आणि मला हसले असते, असंही तो म्हणाला. त्याने आधी इशारा दिला नव्हता. बागेतून बाहेर पडायच्या वाटा अरुंद होत्या. सरकारी आकडा 379 मृतांचा, आणि भारतीयांनी केलेले अंदाज त्याच्या दुपटी-तिपटीचे. ‘गोळीबार झाला’ या वाक्याला यातला एकही प्रश्न विचारता येत नाही, कारण विचारायचा कोणाला? ब्रिटनमध्ये या प्रकरणाचा खरा गदारोळ उठला तो डिसेंबर 1919 मध्ये, डायरची साक्ष वर्तमानपत्रांत आल्यावर. म्हणजे क्रियापदाला कर्ता मिळायला आठ महिने लागले.

जुन्या इंग्रजी बातमीदारीत, विशेषतः वसाहतींमधून येणाऱ्या बातम्यांत, ‘फायर’ या क्रियापदाच्या भोवती एक ठरावीक सरंजाम असे. ‘फायरिंग वॉज रिसॉर्टेड टू’, म्हणजे गोळीबाराचा अवलंब करण्यात आला. सैन्याला गोळीबार करणं भाग पडलं. जमाव पांगवण्यासाठी काही फैरी झाडण्यात आल्या. ही वाक्यं इतक्या वेळा छापली गेली की ती लिहिताना विचार करण्याची गरजच उरली नाही. मला त्यातला ‘पांगवण्यासाठी’ हा भाग सर्वांत घातक वाटतो, कारण तो वर्णनासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात तो कायद्यातला बचाव आहे.

ब्रिटनमध्ये 1715 साली दंग्यांविषयीचा जो कायदा अमलात आला, त्यात दंडाधिकाऱ्याने जमावापुढे एक जाहीरनामा वाचून दाखवायचा असे. राजा तुम्हाला तत्काळ पांगण्याचा आणि शांतपणे आपापल्या घरी किंवा कामाधंद्याला जाण्याचा हुकूम देत आहे, असा तो मजकूर. तासाभरात जमाव हटला नाही तर बळ वापरायची मुभा होती. आणि लोकांना पांगवताना कोणी जखमी झालं किंवा मेलं, तर पांगवणाऱ्यांवर त्याचा दोष येणार नाही, असं संरक्षणही त्याच कायद्यात होतं. भारतातल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यांत हीच कल्पना आली. 1973 च्या संहितेत ती कलम 129 मध्ये होती, आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये आहे: बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम द्यावा, जमाव हटला नाही तर बळ वापरून पांगवावं.

म्हणजे ‘जमाव पांगवण्यासाठी गोळीबार’ असं जेव्हा एखादा अधिकारी म्हणतो, तेव्हा आपलं कृत्य या कलमाच्या चौकटीत बसतं, असा दावा तो करत असतो. जमाव बेकायदा होता, हुकूम दिला गेला होता, हुकूम मोडला गेला आणि वापरलेलं बळ आवश्यक तेवढंच होतं, असे चार दावे त्या एका शब्दात आहेत. चारही पुढे चौकशीत खोटे ठरू शकतात. बातमीदार मात्र तो शब्द उचलतो आणि अवतरणचिन्हांशिवाय आपल्या वाक्यात घालतो. त्या क्षणी पोलिसांचा दावा वर्तमानपत्राचं विधान होतो.

भारतीय पत्रांनी त्या काळी असं का लिहिलं, हे समजण्यासारखं आहे. 1910 च्या प्रेस कायद्याखाली सरकार छापखान्याकडून जामीनरक्कम मागू शकत होतं आणि मजकूर नापसंत पडला तर ती जप्तही करू शकत होतं. लाहोरच्या ‘ट्रिब्यून’चे संपादक कालीनाथ रॉय यांना 1919 च्या घटनांवरच्या लेखांसाठी दोन वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी केली गेली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना त्याच एप्रिलमध्ये मुंबईतून उचलून इंग्लंडला पाठवून दिलं. ते स्वतः इंग्रज होते, तरीही. अशा दिवसांत सरकारी निवेदनाचीच भाषा वापरणं हा छापखाना वाचवण्याचा मार्ग होता, आणि त्या माणसांना मी दोष देणार नाही.

पण त्याच काळात दुसऱ्या प्रकारे लिहिता येत नव्हतं, असंही नाही. 21 मे 1930 रोजी धारासना मिठागरावर सत्याग्रही चालून गेले, तेव्हा युनायटेड प्रेसचा अमेरिकी बातमीदार वेब मिलर तिथे उभा होता. त्याच्या वृत्तांतातली क्रियापदं पाहावीत. हुकूम होताच पोलीस चालून येणाऱ्यांवर धावले, त्यांनी लोखंडी टोकांच्या लाठ्या डोक्यांवर हाणल्या, आणि मार चुकवायला एकाही सत्याग्रहीने हात वर केला नाही. मागे उभ्या असलेल्या लोकांचा प्रत्येक फटक्यागणिक अडकलेला श्वास, उघड्या कवट्यांवर काठी आदळल्याचा आवाज, हे सगळं त्याने लिहिलं. त्याची तार रोखण्याचा प्रयत्न झाला, तरी वृत्तांत जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. त्यात विशेषणं आहेत, भावनाही आहे. पण तो पुरावा ठरला तो त्यातल्या ‘कोणी काय केलं’मुळे. ‘सत्याग्रहींना पांगवण्यासाठी बळाचा वापर करण्यात आला’ असं तो लिहून गेला असता तर धारासना आज कोणाच्या लक्षात असतं, अशी शंका येते.

साम्राज्य गेलं तरी ही वाक्यरचना लंडनमधूनही गेली नाही. 1 जून 1975 रोजी तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या सॅलिसबरी शहरात, म्हणजे आजच्या हरारेत, हायफील्ड वस्तीत पोलिसांनी गोळ्या झाडून काळ्या नागरिकांना ठार केलं. दुसऱ्या दिवशी ‘गार्डियन’चा मथळा होता, पोलिसांनी 11 जणांना गोळ्या घालून ठार मारलं. ‘टाइम्स’चा मथळा मात्र दंगा करणाऱ्या काळ्या लोकांपासून सुरू होत होता: ते पोलिसांकडून मारले गेले. टोनी ट्रू या भाषाभ्यासकाने या बातम्यांचा पाठपुरावा केला आणि त्याला दिसलं ते असं. पहिल्या दिवशी ‘टाइम्स’मध्ये पोलीस निदान होते, मथळ्याच्या मधोमध का होईना. त्यानंतरच्या दिवशी बातमीत दंगली उरल्या, ‘ज्यांत 13 आफ्रिकी मारले गेले’. पोलीस गेले. अग्रलेखापर्यंत येताना ‘दंगल आणि दुर्दैवी जीवितहानी’ एवढंच राहिलं. गोळी झाडणं हे क्रियापद दोन-तीन दिवसांत विरघळून ‘जीवितहानी’ या नामात जमा झालं, आणि जीवितहानी तर पुरानेही होते.

या ठिकाणी कोणी खोटं लिहिलं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. प्रत्येक वाक्य वेगळं तपासलं तर खरंच निघेल. म्हणूनच ही सवय पकडायला अवघड जाते. खोट्या आकड्याचा खुलासा मागता येतो. न लिहिलेल्या कर्त्याचा खुलासा कोण मागणार? अमेरिकेतही पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की ‘अधिकाऱ्याचा समावेश असलेला गोळीबार’ असा शब्दप्रयोग अनेक वर्षं छापला जात होता. तो पोलीस खात्यांतून आलेला. तो टाळा आणि कोणी कोणाला गोळी घातली ते सांगा, अशी सूचना असोसिएटेड प्रेसने 2020 मध्ये दिली.

आता मराठीकडे येतो, कारण मला खरी काळजी मराठीची आहे. वर सांगितलेली सगळी वाक्यं आपल्याकडे भाषांतरित होऊन आली आणि इथे इतकी रुळली की ती परकी वाटत नाहीत. ‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य लाठीमार केला’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहाण्या वाचकाला पाठ असेल. यातला सौम्यपणा कोणी मोजला? ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याने नक्कीच नाही. गोळीबाराच्या बाबतीत तर मराठीने इंग्रजीच्याही पुढे पाऊल टाकलं आहे. इंग्रजीत ‘फायर करणं भाग पडलं’ म्हणताना निदान पोलीस वाक्याच्या कर्तेपदी राहतात. मराठीत आपण लिहितो, ‘पोलिसांना गोळीबार करावा लागला’. ही रचना आपण एरवी कुठे वापरतो ते आठवून पाहा. मला ऑपरेशन करून घ्यावं लागलं. तिला शाळा सोडावी लागली. त्यांना जमीन विकावी लागली. ‘-ला’ आणि ‘लागलं’ यांच्यामध्ये जो माणूस येतो तो सोसणारा असतो. परिस्थितीने त्याच्यावर काहीतरी लादलेलं असतं. गोळीबाराच्या बातमीत ती जागा बंदूक धरणाऱ्याला मिळते, आणि वाचकाची सहानुभूती व्याकरणाच्या बळावर त्याच्याकडे वळते. जो मेला तो वाक्यात अजून यायचाच असतो.

उलट आपल्या भाषेचा स्वाभाविक कल कर्त्याला मोकळेपणी पुढे आणण्याचा आहे. ‘पोलिसांनी गोळ्या झाडल्या’, ‘जवानाने गोळी घातली’, ‘रामाने रावणाला मारलं’. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्ता ‘-ने’, ‘-नी’ लावून समोर उभा राहतो. ‘गोळीबार झाला’ लिहायला आपल्याला एक जोडनाम घेऊन त्याला ‘होणे’ जोडावं लागतं. घरात, बाजारात, एसटीत कोणी असं बोलत नाही. ‘मारामारी झाली’ असं कोणी सांगितलं तर ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, कोणी कोणाला मारलं?

हा फरक आपल्याच इतिहासात ठळकपणे दिसतो. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्याच्या हद्दीत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसं मारली. हे आपण आजही असंच सांगतो, पोर्तुगीजांचं नाव घेऊन. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, 21 नोव्हेंबर 1955 रोजी, मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर मुंबई राज्याच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जानेवारी 1956 मध्ये पुन्हा, कितीतरी मोठ्या प्रमाणावर. त्याबद्दल आपलं आजचं वाक्य काय असतं? ‘गोळीबारात 106 हुतात्मे झाले.’ हुतात्मा चौकात दर वर्षी फुलं वाहिली जातात, भाषणं होतात, आणि बहुतेक भाषणांत मरणारे असतात, मारणारे नसतात. परक्याने मारलं तर कर्ता येतो, आपल्याने मारलं तर जातो.

त्या वेळी हा कर्ता मागणारा एक माणूस केंद्रीय मंत्रिमंडळात होता, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगायला हवा. चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं ते मुंबईच्या प्रश्नावर, हे सर्वांना माहीत असतं. मुंबईतल्या पोलीस गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीला सरकारने नकार दिला, हीसुद्धा त्यांची जाहीर तक्रार होती, हे तितकंसं आठवलं जात नाही. चौकशी म्हणजे दुसरं काय असतं? कोणी, कोणाच्या हुकमाने, कशासाठी गोळ्या झाडल्या, हे ठरवणं.

चौकशी झाली तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक महामार्गावर उतरले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांनी केलेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. पोलिसांची बाजू अशी होती की जमाव गॅसचे टँकर पेटवायच्या बेतात होता, ते पेटले असते तर अनर्थ झाला असता, म्हणून गोळीबार करावा लागला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने टँकरचं हे कारण स्वीकारलं नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. 2009 मध्ये सत्र न्यायालयाने हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. ‘करावा लागला’ हे क्रियापद इथे आयोगापुढे आणि न्यायालयापुढे तपासलं गेलं आणि टिकलं नाही. मृतांच्या घरच्यांना त्यासाठी बारा वर्षं वाट पाहावी लागली.

9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात पवना जलवाहिनीला विरोध करणारे शेतकरी द्रुतगती महामार्गावर आले आणि पोलिसांच्या गोळ्यांनी तिघांचा जीव गेला. तोवर चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या होत्या. गोळ्या झाडणारे पोलीस लोकांनी पडद्यावर पाहिले. चित्र समोर असलं की वाक्याला पळवाट राहत नाही. पण प्रत्येक ठिकाणी कॅमेरा नसतो.

चकमकींच्या बातम्यांत तर अजिबातच नसतो. ‘पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात गुंड ठार’ हा मथळा मुंबईने नव्वदच्या दशकात इतका वाचला की त्याला कोणी अडखळत नव्हतं. ‘स्वसंरक्षण’ हाही कायद्यातला बचाव आहे, आणि तो सिद्ध करायचा असतो न्यायालयात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये, महाराष्ट्र सरकारविरुद्धच्याच एका खटल्यात, चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूबाबत गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास करावा आणि दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी व्हावी, असे निर्देश दिले. देशातलं सर्वोच्च न्यायालय ज्याला चौकशीनंतर ठरवायची गोष्ट मानतं, ती बातमीत पहिल्याच रात्री ठरून जाते.

यावर बातमीदार मित्र जे म्हणतात ते मी गंभीरपणे घेतो. रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, पान सुटायचं असतं, घटनास्थळी पोहोचता आलेलं नसतं, हातात फक्त नियंत्रण कक्षाची माहिती असते. कधी कधी गोळी दोन्ही बाजूंनी सुटलेली असते आणि पहिली कोणाची हे खरोखर कळत नाही. अशा वेळी ‘पोलिसांनी गोळ्या झाडल्या’ असं लिहून मोकळं होणंही अन्यायाचं ठरू शकतं. पोलीसही माणसं आहेत, जमाव दगड मारतो, पेटवतो, जीव घेतो, हेही खरं. जमावाने काय केलं हे लिहूच नये असं मी म्हणत नाही. उलट तेही कर्ता-कर्मासकट लिहावं. ‘जमाव हिंसक झाला’ हे वाक्य ‘गोळीबार झाला’ इतकंच पोकळ आहे. दगड मारले की नुसत्या घोषणा दिल्या? किती जणांनी? कोणी पाहिलं?

कर्ता गाळणारी रचना सरसकट वाईट, अशी शाळामास्तरी भूमिकाही माझी नाही. ‘तीन शेतकरी ठार’ हा मथळा मरणाऱ्यांना पुढे ठेवतो आणि ते योग्यच आहे. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहिणं हीसुद्धा बातमी असते: गोळ्या कोणत्या बाजूने सुटल्या हे रात्री उशिरापर्यंत स्पष्ट झालं नव्हतं. माझा आक्षेप आहे तो माहीत असूनही गाळलेल्या कर्त्याला, आणि उसन्या घेतलेल्या कारणाला. गोळी पोलिसांच्या बंदुकीतून सुटली हे सगळ्यांना ठाऊक असताना ‘गोळीबार झाला’ लिहायचं नाही. आणि का झाडली याचं जे कारण पोलीस देतात, ते पोलिसांच्याच तोंडी ठेवायचं: ‘जमाव टँकर पेटवणार होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे’. यासाठी जास्त वेळ लागत नाही, जास्त जागाही लागत नाही.

आता तर एक नवी सोय आपल्या हातात आहे, जी 1919 च्या किंवा 1955 च्या संपादकाकडे नव्हती. संकेतस्थळावरची बातमी बदलता येते. आयोगाचा अहवाल आला, न्यायालयाचा निकाल लागला, की जुन्या बातमीच्या माथ्यावर दोन ओळी घालता येतात. मराठी संकेतस्थळांवर हे क्वचितच होतं. पहिल्या रात्रीची ‘करावा लागला’वाली बातमी तशीच राहते, आणि दहा वर्षांनी त्या घटनेबद्दल शोधणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तीच पहिली येते. संपादकांनी आपल्या संग्रहातल्या पोलीस गोळीबाराच्या आणि चकमकीच्या बातम्या एकदा काढून बघाव्यात, चौकशीत पुढे काय निघालं ते त्यांत जोडावं, आणि नव्या बातमीदाराला पहिल्याच आठवड्यात ‘झाला’ आणि ‘झाडल्या’ यांतला फरक शिकवावा. हे उद्यापासून सुरू करता येईल.